पुसदच्या गवताची बाकी

वनहक्क कायद्याखाली दावा करणाऱ्या बिगरआदिवासी कुटुंबाला एक हिशेब जुळवावा लागतो. १३ डिसेंबर २००५ या तारखेच्या आधी किमान तीन पिढ्या आपण जंगलात किंवा जंगलाच्या आधारावर जगत आलो, हे त्याला दाखवायचे असते. एक पिढी म्हणजे पंचवीस वर्षे, असे कायद्यानेच सांगून ठेवले आहे. तीन पिढ्यांची पंचाहत्तर वर्षे मागे मोजली की तारीख येते १३ डिसेंबर १९३०. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद, दिग्रस, महागाव, उमरखेड या पट्ट्यात जंगलाला लागून तांडे आहेत, वाड्या आहेत. तिथल्या माणसाने १९३० सालचा कागद आणायचा कुठून? आजा-पणजाची जन्मनोंद नाही, घर कुडाचे, आणि गुरे राखणाऱ्याच्या नावाने सातबारा निघत नाही.

गंमत म्हणून सोडून द्यावा असा हा योगायोग नाही. ज्या वर्षाचा पुरावा कायदा मागतो, नेमक्या त्याच वर्षी या जिल्ह्यातली माणसे उघड्या माथ्याने राखीव जंगलात शिरली होती, सरकारचे गवत कापत होती आणि त्यासाठी तुरुंगात जात होती. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या रानात लोकनायक बापूजी अणे यांनी विळा हाती घेतला आणि वऱ्हाडातल्या जंगल सत्याग्रहाला तोंड फुटले. त्या घटनेला २०३० मध्ये शंभर वर्षे होतील. समित्या नेमल्या जातील, पुतळ्यांना रंग दिला जाईल, स्मरणिका निघतील. ते सगळे व्हावे. पण त्याआधी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे: त्या वर्षी यवतमाळने गवताबद्दल जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर आजवर पुरते दिले गेलेले नाही.

शाळेच्या पुस्तकात या सत्याग्रहाला एखादी ओळ मिळते. मध्यप्रांत-वऱ्हाडाला समुद्र नव्हता, म्हणून मिठाऐवजी जंगलाचा कायदा मोडला, असा तिचा भावार्थ. त्यात तथ्य आहे, पण फार थोडे. मुळात वऱ्हाडात मिठाचाही सत्याग्रह झाला होता. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा प्रसिद्ध आहे. अकोला जिल्ह्यात दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून एप्रिल १९३० मध्येच मीठ तयार केले गेले. म्हणजे मीठ मिळत नव्हते असे नाही. मिठाने जे रान पेटले नाही ते गवताने पेटले, कारण वऱ्हाडी कुणब्याच्या, बंजाऱ्याच्या, आंध-गोंड-कोलामाच्या रोजच्या जगण्यात सरकारची गाठ पडत होती ती जंगलाच्या हद्दीवर. सरपणाची मोळी, बंडीच्या धुरीला लाकूड, घराला बल्ल्या, बैलाला चारा, उन्हाळ्यात मोहफूल, चारोळी, डिंक. या प्रत्येक गोष्टीला पास लागायचा किंवा फॉरेस्टच्या शिपायाची मर्जी. गाय हद्दीपलीकडे गेली की कोंडवाड्यात. कोंडवाड्यातून सोडवायची तर दंड. दंडाला पैसे नाहीत म्हणून सावकार.

हे दुखणे १९३० चे नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हाच जंगल खात्याने डोंगर, कुरणे आणि गायराने ताब्यात घेऊन शेतकऱ्याच्या गुरांना उभे राहायला जागा ठेवली नाही, अशी तक्रार नोंदवून ठेवली होती. १८७८ च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगलांच्या रेषा आखल्या. वऱ्हाडात तर जंगलांची वर्गवारीच झाली: लाकडासाठी वेगळे, चाऱ्यासाठी वेगळे, चराईसाठी वेगळे. आजही यवतमाळ-अमरावतीकडे गावच्या चराऊ सरकारी जमिनीला लोक ‘ई-क्लास’ म्हणतात. ज्या वर्गवारीने गावाचे रान सरकारचे झाले, तिची अक्षरे अजून तोंडी आहेत.

त्यात १९३० साल कापसाला बुडवणारे होते. वऱ्हाड हा निजामाचा मुलूख १८५३ मध्ये इंग्रजांकडे आला तो कापसाच्या काळ्या जमिनीमुळे, आणि १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडेच राहिला. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची रेल्वे, जिला पुढे सगळे ‘शकुंतला’ म्हणू लागले, ती एका ब्रिटिश कंपनीने बांधली तीही इथला कापूस मुख्य मार्गावर आणि तिथून मुंबई बंदरात पोचवण्यासाठी. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि पुढच्या हंगामात कापसाचा भाव त्याच्या मागोमाग गेला. सारा मात्र रोखीत भरायचा होता. हातात पैसा नसलेल्या शेतकऱ्याला फुकट मिळणारी एकच गोष्ट होती, रानातले गवत. आणि तीच बंद होती.

तिकडे इंग्लंडमध्येही ते वर्ष स्वस्थतेचे नव्हते. रॅम्से मॅकडोनाल्ड यांचे मजूर पक्षाचे अल्पमतातले सरकार होते. वर्षअखेरीस बेकारांची संख्या वीस लाखांच्या पुढे गेली. ओस्वाल्ड मोस्ली यांनी बेकारीवरची आपली योजना फेटाळली गेली म्हणून मे महिन्यात मंत्रिपद सोडले; पुढे त्यांनीच ब्रिटिश फॅसिस्टांची संघटना काढली. लँकेशरच्या गिरण्या एकामागोमाग थंड पडत होत्या, कारण हिंदुस्थानातले गिऱ्हाईक परदेशी कापडाकडे पाठ फिरवत होते. आणि १२ नोव्हेंबर १९३० रोजी लंडनमध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते पहिल्या गोलमेज परिषदेचे उद्घाटन झाले तेव्हा काँग्रेसचे पुढारी तुरुंगात होते. मँचेस्टरचा गिरणी कामगार आणि पुसदचा कापूस पिकवणारा, दोघेही एकाच व्यवस्थेच्या दोन टोकांना उपाशी पडत होते. त्यांची आणखी एक गाठ पुढे पडते, तिच्याकडे नंतर वळू.

सत्याग्रहाची सुरुवात करणारे अणे हे बंडखोरीसाठी ओळखले जाणारे गृहस्थ नव्हते. २९ ऑगस्ट १८८० ला वणीत जन्मलेले, संस्कृतचे गाढे व्यासंगी, यवतमाळला वकिली केलेले, टिळकांचे निष्ठावंत अनुयायी. १९२८ च्या नेहरू समितीत ते सदस्य होते. कायदेमंडळात बसून सरकारला अडवावे, या मताच्या गटात त्यांची गणना होत असे, आणि गांधींच्या असहकाराच्या मार्गाबद्दल त्यांचे मतभेद जाहीर होते. असा कायद्याचा माणूस कायदा मोडायला निघाला, याला महत्त्व आहे. वयाच्या पन्नाशीला आलेला वकील राखीव जंगलात जाऊन विनापरवाना गवत कापतो आणि शिक्षा पत्करतो, तेव्हा हा कायदाच पाळण्याच्या लायकीचा नाही असा त्याचा निवाडा असतो.

अकरा दिवसांनी, २१ जुलैला, यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या जंगलात दुसरी तुकडी उतरली. तिचे नेतृत्व डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांच्याकडे होते. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची जबाबदारी डॉ. ल. वा. परांजपे यांच्याकडे सोपवून ते व्यक्तिशः सत्याग्रहात उतरले होते. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि अकोल्याच्या तुरुंगात ठेवले गेले. म्हणजे आज ज्या दोन राजकीय परंपरा एकमेकींसमोर उभ्या ठाकतात, त्या दोन्हींच्या इतिहासात यवतमाळचे गवत आहे. दोन्हींच्या अनुयायांनी ते अभिमानाने सांगावे. मात्र सांगताना आपापल्या पुढाऱ्याच्या नावाशी थांबू नये. कारण पुढारी तुरुंगात गेल्यावर जे घडले ते अधिक मोठे होते.

पावसाळा सरत आला तसा सत्याग्रह शिस्तीच्या तुकड्यांच्या हातून सुटून गावांच्या हाती गेला. जुलैतल्या कोवळ्या गवताची पेंढी कापणे हे प्रतीक होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लोकांनी गुरे घातली, सरपण तोडले, बल्ल्या आणल्या. आता प्रतीक उरले नव्हते, गरज होती. बैतुल जिल्ह्यात घोडाडोंगरीच्या परिसरात गंजनसिंग कोरकू यांच्या मागे आदिवासी उभे राहिले. शिवनी जिल्ह्यातल्या टुरिया गावी ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी गोळीबार केला. मेलेल्या चौघांत तिघी बाया होत्या. घाटाखाली उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळ्या चालल्या आणि आठ सत्याग्रही पडले. त्याच वर्षी सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली. मुंबईत १२ डिसेंबरला बाबू गेनू परदेशी कापडाच्या ट्रकखाली गेला. पुढच्याच दिवसाची तारीख, १३ डिसेंबर १९३०, आज वनहक्काच्या दाव्यासाठी मोजली जाते.

या सगळ्या उठावाची एक बाजू फार क्वचित बोलली जाते. गांधींनी जानेवारी १९३० मध्ये व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत मिठाचा कर होता, शेतसारा निम्मा करण्याची मागणी होती, रुपयाचा विनिमय दर होता, किनारी जहाज वाहतूकसुद्धा होती. जंगल नव्हते. गवत ही मागणी वरून आली नाही. ती प्रांतातून, गावातून वर गेली आणि मग काँग्रेस कार्यकारिणीने तिला मान्यता दिली. ५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला तेव्हा किनाऱ्यालगतच्या गावांना घरच्या वापरापुरते आणि गावातल्या गावात विकण्यापुरते मीठ गोळा करायची सवलत मिळाली. त्या करारात गवताला, चराईला, सरपणाला अशी कोणतीही सवलत नाही. सत्याग्रही सुटले, जंगलाची हद्द जागेवर राहिली. पुसदच्या रानात विळा घेऊन गेलेल्या माणसाच्या पदरात वाटाघाटीतून काही पडले नाही.

गांधींना दोष देण्यासाठी हे सांगितलेले नाही. प्रचंड देशव्यापी लढ्याच्या तहात काय बसते आणि काय मागे राहते, याची ती नोंद आहे. समुद्रकाठचे मीठ साऱ्या देशाला कळणारे होते. आतल्या मुलखातल्या गुराख्याची पेंढी तितकी बोलकी ठरली नाही. खेद याचा आहे की मागे राहिलेली ती गोष्ट स्वातंत्र्यानंतरही मागेच राहिली. १९२७ चा भारतीय वन कायदा आजही पुस्तकात आहे. पुसदने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. गहुलीच्या तांड्यात १९१३ मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक जंगल सत्याग्रहाच्या वेळी सतरा वर्षांचे होते. पुढे १९६३ ते १९७५ असा अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी राज्याची धुरा वाहिली. सुधाकरराव नाईक १९९१ मध्ये त्या पदावर आले. शेतीसाठी, पाण्यासाठी दोघांनी केलेले काम मोठे आहे. पण मंत्रालयाची खुर्ची पुसदला मिळूनही पुसदच्या रानाचा प्रश्न जिथला तिथे राहिला, हे मान्य करावे लागेल.

आता मँचेस्टरकडे. २४ एप्रिल १९३२ रोजी, म्हणजे पुसदनंतर दोनही वर्षे झाली नव्हती तोच, मँचेस्टर आणि आसपासचे सुमारे चारशे कामगार किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर चढले. तो डोंगर कधीकाळी गावांच्या वहिवाटीचा होता. नंतर उमरावांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी बंद केला. आत पाऊल टाकले की राखणदार काठ्या घेऊन येत. कामगार तरीही आत शिरले. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. लंडनच्या राज्यकर्त्यांनी आपल्या देशातल्या गरिबांनाही तीच वागणूक दिली होती. फरक पुढे पडला. १९४९ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्याने आणि रानवाटांचा कायदा झाला, २००० मध्ये मोकळ्या डोंगराळ भागात चालण्याचा हक्क कायद्याने मिळाला, आणि २००२ मध्ये, सत्तर वर्षे झाली तेव्हा, त्या डोंगराच्या तत्कालीन मालकाचे वारस असलेल्या डेव्हनशरच्या ड्यूकनी जाहीर सभेत आपल्या आजोबांच्या चुकीबद्दल क्षमा मागितली. चारशे माणसांच्या एका दुपारीसाठी इंग्लंडने इतके केले. प्रश्न फिरण्याच्या हौसेचा होता, पोटाचा नव्हता, तरीही केले.

आपल्याकडे उत्तर आले ते २००६ मध्ये. वनहक्क कायद्याने आपल्या प्रस्तावनेतच ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुली दिली. चराईचा हक्क त्यात नाव घेऊन मान्य केला आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत त्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक पासाचे अधिकार दिले गेले. पास द्यायचा अधिकार वनखात्याकडून गावाकडे आला. १९३० च्या सत्याग्रहाला याहून चांगले स्मारक कोणते असणार?

यवतमाळ जिल्ह्यातही काही गावांनी सामूहिक हक्क मिळवले आहेत. पण गडचिरोलीइतकी ती चळवळ इथे खोल गेली नाही, आणि याचे एक कारण सुरुवातीला सांगितलेल्या हिशेबात आहे. गोंड, कोलाम, आंध, परधान हे अनुसूचित जमातीत येतात. त्यांच्यासाठी पंचाहत्तर वर्षांची अट नाही, २००५ च्या डिसेंबरपूर्वीपासूनचे वास्तव्य आणि वहिवाट पुरे. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातीत गणला जातो, म्हणून त्याला तीन पिढ्या सिद्ध कराव्या लागतात. पैनगंगा ओलांडली की तेलंगणात हाच समाज अनुसूचित जमात आहे. नदीच्या अल्याड-पल्याड सोयरे असलेल्या दोन भावबंदांना एकच केंद्रीय कायदा दोन वेगळे पुरावे मागतो. आरक्षणाचा वाद हा स्वतंत्र विषय आहे आणि तो त्याच्या जागी लढला जाईल. वनहक्काच्या बाबतीत मात्र ही अट किती जाचक आहे, हे पुसद-दिग्रसच्या तांड्यात बसून पाहिल्याशिवाय मुंबईत कळणार नाही.

जाचक असली तरी अट अशक्य नाही, आणि इथेच शंभर वर्षांपूर्वीचा तो लढा कामी येऊ शकतो. कायद्याच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे ती उदार आहे. गॅझेटियर, जनगणना, सर्वेक्षणाचे अहवाल, वनखात्याची जुनी दप्तरे, न्यायालयांचे निकाल, पारंपरिक चराईच्या जागा, जुन्या विहिरी, देवस्थाने, स्मशाने, वंशावळ, एवढेच काय, दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही चालतात. विशिष्ट एकाच कागदाचा आग्रह धरता येत नाही. मग १९३० मध्ये राखीव जंगलात गुरे घातल्याबद्दल, गवत कापल्याबद्दल, लाकूड तोडल्याबद्दल ज्यांना दंड झाला, कैद झाली, त्यांचे खटले हा काय कमी पुरावा आहे? सरकारनेच लिहून ठेवलेले असते की अमुक गावचा अमुक माणूस अमुक जंगलात चारा घेताना सापडला. तेव्हा तो गुन्ह्याचा कागद होता. आज तो हक्काचा कागद होऊ शकतो. एका कुटुंबाचा दावा एवढ्यावर सिद्ध होईल असे नाही, पण एखाद्या गावाचे एखाद्या रानावर १९३० मध्येही पोट होते, हे त्यातून ठळक होईल.

हा विचार मांडला की एक आक्षेप ठरलेला येतो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. गुरांना जंगल मोकळे केले तर जंगल उरेल का? वाघांचे काय? यवतमाळकरांना हा प्रश्न पुस्तकातून कळलेला नाही. राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीने, जिला देश ‘अवनी’ म्हणून ओळखतो, सुमारे दोन वर्षांत तेरा माणसे मारल्याचे वनखात्याने सांगितले. मारल्या गेलेल्यांत गुरे चारणारे होते, कापसात राबणारे होते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये हस्तक्षेप नाकारला, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली. त्यानंतर देशभर जो संताप उसळला तो वाघिणीसाठी होता. तिला मारण्याच्या पद्धतीवर घेतलेले आक्षेप रास्त होते, त्यांची चौकशी व्हायलाच हवी होती. पण ती तेरा माणसे त्या रानात कशासाठी जात होती, हा प्रश्न दिल्ली-मुंबईच्या चर्चेत कितीदा विचारला गेला? ती माणसे शिकारीला गेली नव्हती. ई-क्लास जमिनी आक्रसल्या, शेताचे बांध बारीक झाले, ज्वारी गेली आणि तिच्याबरोबर कडबा गेला, सोयाबीन-कपाशीने गुराच्या तोंडचा घास घेतला. उरले रान. त्या रानात आता वाघही होता.

टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे आहे. १९९७ मध्ये ते घोषित झाले. तिथले वाघ वाढले, ही अभिमानाची गोष्ट आहे. २०१९ मध्ये इथूनच निघालेला एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला आणि साऱ्या जगाने त्याची वाट मोजली. अशा वाघांना जागा हवी, आणि अभयारण्यात गुरे नेऊ नयेत हे बरोबरच आहे. पण जिल्ह्यातले बहुतेक जंगल अभयारण्याबाहेर आहे. तिथे वाघ आणि गुराखी यांच्यामधली व्यवस्था कोणी लावायची? एकटा वनरक्षक ती लावू शकत नाही; त्याच्याकडे कित्येक गावांचे रान आणि हातात एक काठी. कुठल्या भागात यंदा चराई बंद, कुठे गवत वाढवून कापून न्यायचे, कुठल्या बाजूला वाघाचा वावर असताना गुरे न्यायची नाहीत, हे ठरवणारी आणि पाळायला लावणारी यंत्रणा गावातच असू शकते. सामूहिक वनहक्काचा अर्थ तोच आहे. ज्या गवतावर आपला हक्क आहे ते माणूस राखतो, आणि जे चोरून आणायचे असते ते ओरबाडतो. मेंढा-लेखा गावाने हे करून दाखवले. यवतमाळला ते अशक्य का असावे?

ई-क्लास जमिनींचा गुंता त्याहून अवघड आहे. तिथे एका गरिबासमोर दुसरा गरीब उभा आहे. भूमिहीनांनी, त्यांत मोठ्या संख्येने दलित कुटुंबांनी, या जमिनी कसायला घेतल्या; १९९० पर्यंतच्या अशा अतिक्रमणांना राज्याने नियमित केले, आणि ते न्यायाचेच होते. पण त्याच गावातल्या गुराख्याची चराई त्यात गेली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणांविरुद्ध कडक भूमिका घेतली, तेव्हापासून दोघेही टांगणीला आहेत. धनदांडग्यांनी बळकावलेल्या जमिनी आणि भूमिहीनाने पोटासाठी कसलेली दोन-चार एकरांची पट्टी यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे आहे. हा निवाडाही तहसील कचेरीत बसून होणार नाही. तो ग्रामसभेत, सगळ्यांसमोर, नकाशा अंथरून व्हायला हवा.

शताब्दीला अजून वेळ आहे, पण फार नाही. त्या मुदतीत होण्यासारखी कामे डोळ्यांसमोर आहेत. अकोला, अमरावती, यवतमाळच्या तुरुंगांच्या जुन्या नोंदवह्या आणि पुसद, यवतमाळच्या न्यायालयांतली १९३०-३१ ची दप्तरे वाळवीच्या तोंडून काढून त्यांची छायाचित्रे घेतली पाहिजेत आणि ती सर्वांना पाहायला खुली केली पाहिजेत. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या इतिहास विभागाने आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी हे काम अंगावर घेतले तर त्यांच्या विद्यार्थ्यांना शोधनिबंधाला याहून चांगला विषय मिळणार नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाने प्रलंबित सामूहिक दाव्यांची गाववार यादी जाहीर करावी आणि तीन पिढ्यांच्या पुराव्याअभावी फेटाळलेले दावे या नव्या कागदांच्या उजेडात पुन्हा तपासावेत. अणे यांचे आणि हेडगेवार यांचे वारसदार म्हणवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या आमदार-खासदारांनी ही एक मागणी एकत्र मांडावी. त्यात कोणाचाही झेंडा खाली येत नाही.

आणि वाचकांसाठी एक विनंती. पुसद, दिग्रस, आर्णी, दारव्हा, वणी, केळापूर, राळेगाव या भागात ज्यांच्या घरी जुन्या पेटाऱ्यात समन्स, दंडाची पावती, चराईचा पास, तुरुंगातून आलेले पत्र किंवा स्वातंत्र्यसैनिकाच्या पेन्शनचे कागद पडून असतील, त्यांनी ते बाहेर काढावेत. नव्वदी ओलांडलेले आजी-आजोबा घरात असतील तर त्यांनी लहानपणी आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून जंगल सत्याग्रहाचे, गुरे अडवल्याचे, कोंडवाड्याचे जे ऐकले ते लिहून घ्यावे, त्यावर त्यांची सही किंवा अंगठा घ्यावा आणि त्याची प्रत गावच्या वनहक्क समितीकडे द्यावी. वडीलधाऱ्यांचा असा लेखी जबाब कायद्याला चालतो. मात्र तो नोंदवून घ्यायला ती माणसे फार वर्षे हाताशी असणार नाहीत.